पाण्याची वही

१ मे २०१८ चा दिवस मला चांगला आठवतो. माझी धाकटी कन्या त्या वेळी सी.ए.ची आर्टिकलशिप करीत होती. सुटीचा दिवस असूनही ती पहाटे चारला उठली आणि मैत्रिणींसमवेत एका दुष्काळी गावात श्रमदानासाठी निघून गेली. रात्री परतली तेव्हा दोन्ही तळहातांवर फोड आलेले, चेहरा उन्हाने रापलेला. पण उत्साह मात्र ओसंडून वाहत होता. योगायोगाने माझे थोरले बंधू त्या दिवशी आमच्याकडे मुक्कामी होते. तालुक्याच्या पेठेत त्यांचे भुसार मालाचे दुकान आहे आणि हिशेब त्यांच्या जिभेवर असतो. त्यांनी शांतपणे विचारले, "किती जण होता? बसभाडे किती झाले? खोदले किती?"

कन्येने सर्व सांगितले. पंचवीस जण होते. तीस मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चर त्यांनी मिळून खोदला होता. दादांनी क्षणभर मनाशी आकडेमोड केली आणि म्हणाले, "म्हणजे एकदा भरला की पाच हजार चारशे लिटर. अर्धा टँकर! बेटा, तुमच्या बसभाड्यात मी मजूर लावले असते, तर याच्या दुप्पट काम झाले असते."

घरातील सर्व जण हसले. कन्याही हसली, पण झोपण्यापूर्वी माझ्यापाशी येऊन तिने विचारले, "बाबा, मोठ्या काकांचा हिशेब बरोबर आहे का?"

रुपयांत पाहिले तर तो बरोबरच होता. परंतु तेवढे उत्तर देऊन मी मोकळा होऊ शकलो नाही. त्यामागे माझ्या नोकरीतील एक जुनी गोष्ट होती.

एक जुनी थकबाकी

सन १९८० नंतरच्या दशकात मी बँकेचा तरुण कृषी कर्ज अधिकारी म्हणून अवर्षणग्रस्त भागातील एका शाखेत होतो. विहीर, विद्युतपंप, जलवाहिनी आणि पुढे कूपनलिका यांसाठी येणारी कर्जप्रकरणे तपासणे हे माझे काम. सात-बारा उतारा, जामीनदार, आवश्यक ते दाखले अशी सारी कागदपत्रे मी डोळ्यांत तेल घालून पाहत असे. माझ्या मंजुरीत नियमाबाहेरचे काही नव्हते.

एका वस्तीवर मी ओळीने तीन शेतकऱ्यांच्या कूपनलिकांसाठी शिफारस केली. पहिल्याला पाणी लागले. दुसऱ्याने त्याहून खोल नेली. तिसऱ्याने आणखी खोल नेली, तेव्हा पहिल्याची कोरडी पडली. दोन उन्हाळ्यांत तिन्ही आटल्या आणि त्यांच्यासोबत वस्तीची पिण्याच्या पाण्याची जुनी विहीरही आटली. पुढे मी वसुलीसाठी त्या वस्तीवर गेलो, तेव्हा एका वृद्ध गृहिणीने मला पाणी विचारले आणि अर्धाच पेला भरून पुढे केला. ती काही बोलली नाही. मीही काही बोलू शकलो नाही.

प्रत्येक कर्जदाराची परतफेडीची क्षमता मी तपासली होती. ज्या एकाच साठ्यातून तिघेही पाणी उचलणार होते, त्या साठ्यात जमा किती आणि एकूण उचल किती, हा प्रश्न मात्र मी कधी विचारला नाही. एका खात्यावर तीन जणांना स्वतंत्र धनादेशपुस्तके द्यावीत आणि शिल्लक कोणीच पाहू नये, असा तो प्रकार होता. कर्जाची थकबाकी कालांतराने निकाली निघाली. ही दुसरी थकबाकी माझ्या नावावर तशीच राहिली.

१९८९ ची तरुण मंडळी

मी ज्या काळात त्या कूपनलिकांच्या फाईली हातावेगळ्या करीत होतो, त्याच काळात अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर शहरापासून जवळच असलेल्या हिवरे बाजार या गावातील काही तरुण वेगळाच विचार करीत होते. १९७२ च्या दुष्काळानंतर या गावाची घडी विस्कटत गेली होती. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, कर्ते पुरुष मजुरीसाठी बाहेर पडले आणि गावात दारूच्या भट्ट्या लागल्या. गावातील तरुणांनी मग पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आपल्या एका सोबत्याला सरपंच होण्याची गळ घातली. त्यांचे नाव पोपटराव पवार. १९८९ मध्ये ते बिनविरोध सरपंच झाले.

त्यांचे शिक्षण एम.कॉम. हे प्रथम वाचले तेव्हा मी थोडा ओशाळलो. पदवी मीही तीच घेतली होती.

या तरुणांनी आरंभ शाळेपासून केला. त्यानंतर डोंगरउतारांवर सलग समतल चर, नाल्यांवर बांध, पाझर तलाव, वृक्षलागवड अशी माथ्यापासून पायथ्यापर्यंतची कामे श्रमदानातून आणि शासकीय योजनांच्या आधारे झाली. १९९४ पासून आदर्श गाव योजनेचे पाठबळ मिळाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. डोंगरावर गुरे मोकळी सोडायची नाहीत, गवत कापून आणायचे, हा नियम पाळणे ज्याची चार जनावरे आहेत त्याला सोपे नव्हते. तरीही तो पाळला गेला.

या कामाचे फळ आकड्यांत नोंदलेले आहे. १९९५ मध्ये या गावात दारिद्र्यरेषेखालील १६८ कुटुंबे होती; २०१० पर्यंत ती संख्या ३ वर आली. दिवसाला सुमारे १५० लिटर असलेले दूध संकलन ४,००० लिटरच्या घरात गेले. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. आणि हे सारे साधले ते वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पावसावर. पाऊस वाढला नव्हता. पडलेल्या पावसाचा सांभाळ सुरू झाला होता.

ताळेबंद पाण्याचा

चर आणि बांध इतरही अनेक गावांत झाले. मग हिवरे बाजारचे पाणी टिकले आणि इतरत्र दोन-तीन वर्षांत पुन्हा टँकर आले, असे का घडले? माझ्या मते याचे उत्तर त्यांच्या वहीत आहे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एका हेक्टरवर ते दहा हजार लिटर होते. हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर आहे. म्हणजे तेथे एक मिलिमीटर पाऊस पडणे याचा अर्थ गावाच्या खात्यावर सुमारे एक कोटी लिटर जमा होणे. वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस झाला तर जमा साधारण ३९० कोटी लिटर. आकडा मोठा दिसतो. परंतु त्यातील मोठा भाग बाष्पीभवनाने उडून जातो, काही मातीत ओल म्हणून राहतो, काही वाहून जातो आणि उरलेला भूगर्भात उतरतो. कोणत्याही व्यवसायात ढोबळ उलाढाल आणि निव्वळ नफा यांत जेवढे अंतर असते, तेवढेच येथेही आहे.

२००४ पासून हिवरे बाजारमध्ये भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या साहाय्याने दरवर्षी हा जलताळेबंद मांडला जातो. पर्जन्यमापकांवर पाऊस मोजतात, निरीक्षण विहिरींची पातळी घेतात आणि उपलब्ध पाणी किती ते ठरवतात. त्यातून प्रथम माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढले जाते, मग घरगुती वापराचे. जे उरते त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत शेतीला. राहिलेले ३० टक्के जमिनीतच पुढील काळासाठी शिल्लक. पाऊस कमी झाला तर कोणते पीक कमी करायचे, हे ग्रामसभेत ठरते. सिंचनासाठी कूपनलिका घ्यायची नाही आणि ऊस-केळीसारखी अतिशय तहानलेली पिके घ्यायची नाहीत, हा निर्बंध सर्वांना सारखा आहे. गावच्या शाळेतील मुलांनाही हा ताळेबंद शिकवला जातो, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. ज्या मुलाला आपल्या गावाची शिल्लक ठाऊक आहे, तो उद्या खातेदार झाला तरी आंधळेपणाने उचल करणार नाही.

मी माझ्या तीन कर्जदारांकडे हाच ताळेबंद मागितला असता, तर ती वस्तीची विहीर कदाचित वाचली असती.

पंचेचाळीस दिवसांची शाळा

एका गावाचा अनुभव शंभर गावांपर्यंत पोहोचवायचा तर शिकवणारे हात हवेत. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीनच तालुके होते; पुढे २०१७ मध्ये ३०, २०१८ मध्ये ७५ आणि २०१९ मध्ये ७६ तालुक्यांपर्यंत तिचा विस्तार झाला. ऐन उन्हाळ्यातील पंचेचाळीस दिवस. परंतु खरे काम त्यापूर्वीच सुरू होई. गावाने निवडलेले स्त्री-पुरुष चार दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला जात. तेथे पाणलोट म्हणजे काय, उतार कसा मोजावा, चर कोठे घ्यावा आणि बांध कोठे घालू नये, हे शिकून ते परत येत आणि गावाला शिकवीत. त्यांत तरुणांचा भरणा मोठा होता.

या चळवळीशी आपल्या समाजाचे नातेही आहे. श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेचे नाव १९९३ च्या लातूर भूकंपानंतर तेथील १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले तेव्हापासून घरोघरी पोहोचले. २०१३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात तलावांतील गाळ काढण्याचे काम या संघटनेने केले आणि वॉटर कपमध्ये श्रमदान करणाऱ्या गावांना खोदाईची यंत्रे उपलब्ध करून दिली. आधी गावाने घाम गाळावा आणि मग यंत्र यावे, हा क्रम मला विचारपूर्वक ठरवलेला वाटतो. आयते मिळालेले कोणीच सांभाळत नाही, हे अनुदानाच्या योजना हाताळलेल्या प्रत्येक बँक अधिकाऱ्याला ठाऊक असते.

माझी कन्या १ मे रोजी गेली ती याच स्पर्धेतील महाश्रमदानासाठी. शहरांतून हजारो तरुण 'जलमित्र' म्हणून त्या दिवशी गावोगावी गेले होते. तिने नंतर सांगितलेला एक प्रसंग असा. चर खोदताना त्यांच्या गटाने जोराजोरात काम करून एक टोक बरेच पुढे नेले. तेवढ्यात आठवीतला एक मुलगा तेथे आला. पारदर्शक नळी बांधलेल्या दोन काठ्या त्याने चराच्या दोन टोकांना उभ्या केल्या, नळीतल्या पाण्याची पातळी पाहिली आणि म्हणाला, "ताई, तुमचा चर उताराला गेलाय. पाणी थांबणार नाही, एका बाजूने फोडून जाईल." मग फक्कीने रेघ मारून त्याने पुढची आखणी करून दिली. तिचे शब्द मला लक्षात राहिले: "बाबा, त्या दिवशी शिकवणारा तो होता आणि शिकणारी मी."

दादांच्या हिशेबातला राहून गेलेला रकाना तो हाच. मजूर लावून दुप्पट चर झाला असता, हे निःसंशय. परंतु आठवीतल्या त्या मुलाला पाण्याची पातळी पाहता येऊ लागली, ही त्या गावाची ठेव होती. आणि शहरात नळ सोडून पाणी घेणाऱ्या पंचवीस मुलामुलींना ते पाणी कोठून येते याचा बोध झाला, ही आपली मिळकत होती.

तरीही एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. श्रमदानाच्या छायाचित्रांनी पाणी टिकत नाही. चर गाळाने भरतात, बांध फुटतात, रोपे गुरे खातात. विहिरीला पाणी वाढले की उसाचा मोह होतो आणि नवी कूपनलिका घेतली जाते. स्पर्धा संपते, पाहुणे जातात आणि पुढची दहा वर्षे गावाला स्वतःच काढायची असतात. म्हणून खोदण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मोजण्याचे काम महत्त्वाचे आहे. ते करणारे तरुण गावात उभे राहिले, तरच खोदलेले सार्थकी लागते.

परिमाण

आपल्या घरांतून पाणी गाळून पिण्याचा संस्कार लहानपणीच होतो. माझी आजी पाणी गाळल्यावर गाळण्यातील जिवाणी त्याच विहिरीत हलकेच परत सोडत असे. पाणी जेथून घेतले, तेथल्या जीवांना तेथेच परत पोहोचवायचे. पाणी हे अप्काय, म्हणजे स्वतःच जीव, ही आपली श्रद्धा असल्याने ते सांडणे म्हणजे हिंसा, हे तिला कोणी वेगळे समजावून सांगावे लागले नव्हते. जिवाणी सोडायला आज विहिरीत पाणीच नसेल, तर या संस्काराचे आपण काय करणार?

श्रावकाच्या व्रतांमध्ये परिग्रहाचे परिमाण आहे, भोगोपभोगाचेही परिमाण आहे आणि निष्कारण होणाऱ्या हिंसेपासून दूर ठेवणारे अनर्थदंडविरमण आहे. परिमाण म्हणजे माप. जे कधी मोजलेच नाही, त्याची मर्यादा घालता येत नाही. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने पाण्याचे परिमाण ठरवले, तेव्हा त्यांनी कोणत्या शास्त्राचा आधार घेतला नसेल. पण आपण ज्याला व्रत म्हणतो त्याच्या ते फार जवळचे आहे. ते व्रत एका व्यक्तीने घेतलेले नाही, साऱ्या गावाने घेतलेले आहे, एवढाच फरक.

शिवाय यात आपला रोकडा हितसंबंधही आहे, हे लपवण्याचे कारण नाही. ज्या गावांच्या शिवारात पाणी नाही, त्या गावांचा माल पेठेत येत नाही; आलेला गिऱ्हाईक उधारी मागतो आणि दिलेली उधारी वसूल होत नाही. पेठेची खतावणी ही शेवटी शिवारातल्या पाण्याच्या खतावणीवर उभी असते.

आपल्या मुलामुलींसाठी काम

आपल्या समाजात वाणिज्य शाखेचे पदवीधर, सी.ए., कर सल्लागार यांची उणीव नाही. जमाखर्च मांडणे हे आपल्या मुलांच्या हाताला वळण असलेले काम आहे. कुदळ मारण्यात ती गावातल्या तरुणांच्या मागे राहतील. वही ठेवण्यात राहणार नाहीत. म्हणून युवक मंडळांना आणि पालकांना माझी काही नम्र सूचना आहे.

आपल्या पेठेशी व्यवहार असलेले एखादे गाव निवडावे आणि तेथील शाळेशी किमान तीन वर्षांचे नाते जोडावे. शाळेला एक पर्जन्यमापक द्यावा. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खात्याची नोंद ज्या वेळी होते त्याच वेळी, मुलांनी पाऊस मोजून फलकावर लिहावा. गावातील चार-पाच विहिरी निवडून मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये काठापासून पाण्यापर्यंतची खोली फितीने मोजावी. दोन नोंदींतील फरक हा त्या वर्षीचा भरणा. मेमधील नोंदींची वर्षावर्षांशी तुलना केली, की मुद्दल खाल्ले जात आहे की नाही ते कळते. हा ताळेबंद ग्रामसभेसमोर मुलांनीच वाचून दाखवावा. यासाठी मोठी देणगी लागत नाही, सातत्य लागते.

आणि आरंभ स्वतःच्या छपरापासून करावा. दुकानाचे किंवा गोदामाचे छप्पर शंभर चौरस मीटर असेल आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर असेल, तर त्यावर साठ हजार लिटर पाणी पडते. आपण ते गटारात सोडतो आणि उन्हाळ्यात टँकर मागवतो. कोणत्याही व्यापाऱ्याला हा व्यवहार शोभणारा नाही.

माझी कन्या पुढे सी.ए. झाली. त्या गावच्या शाळेशी तिचा आणि तिच्या मैत्रिणींचा संबंध टिकून आहे. वर्षातून दोनदा त्या फीत घेऊन जातात आणि मुलांच्या वहीतील नोंदी तपासून येतात. काही वर्षी शिल्लक वाढलेली असते, काही वर्षी घटलेली. घटली की का घटली यावर गावात वाद होतो. तो वाद मला शुभलक्षण वाटतो. माझ्या कूपनलिकांच्या वस्तीवर असा वाद घालायला कोणाच्या हातात आकडाच नव्हता.

दादांनी आपला आक्षेप कधी मागे घेतला नाही. मात्र दोन वर्षांपूर्वी त्यांनी गोदामाच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवून घेतला. वळवाचा पहिला पाऊस झाला की सकाळी नऊच्या आत त्यांचा फोन येतो. "काल चौदा मिलिमीटर," ते सांगतात आणि मग सवयीने विचारतात, "आपल्या पोरींच्या गावाला किती झाला?"